क्लेम पेंगिलीची जीभ

क्लेम पेंगिली भिंती चाटायचा, आणि मूंटा गावात कुणालाही यात वावगं वाटत नसे. दगडी घराच्या पायातून खारी ओल वर चढली, रंगाचे पोपडे सुटले, की लोक क्लेमला बोलवायचे. तो गुडघ्यांवर बसायचा, टोपी काढायचा आणि भिंतीला जीभ लावून डोळे मिटायचा. "वीस वर्षांचं मीठ आहे," असं सांगायचा. मग खालचा कुजका दगड मीटर-मीटरने काढून पाया नव्याने भरायचा आणि मध्ये ओल अडवणारा प्लॅस्टिकचा जाड पट्टा घालायचा. मिठाचं वय त्याला खरंच कळायचं की तो ठोकून द्यायचा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्याचा एक नियम होता आणि तो त्याने अख्ख्या गावाला ऐकवून ऐकवून पाठ करायला लावला होता. एक मीटर काढा, शेजारचे दोन मीटर सोडा, भरलेलं सुकेपर्यंत पुढे हात लावू नका. घाई केली की घर अंगावर येतं.

हा माणूस स्वतःच्या घरी मात्र अगदी कुचकामी. बैठकीच्या खोलीत पियानोमागची भिंत तीस वर्षं ओली होती. बायकोने, नोरीनने, विषय काढला की ठरलेलं उत्तर यायचं, "खारी ओल आहे ती. मोठं काम आहे. सवडीने करू." पियानो वाजवणारं घरात कुणीच नव्हतं, बिचारा नुसता भिंत झाकायला उभा होता.

त्यात गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबापायी क्लेमचं मीठ बंद केलं. नोरीनने मिठाची बरणीच घराबाहेर काढली आणि त्याच्याबरोबर स्वतःही तसंच खायला लागली. मांस-बटाटा भरलेली पास्टी पुढ्यात आली की क्लेम कुणाच्या तरी दुखवट्याला आल्यासारखा बसायचा.

"दिवसभर भिंती चाटतोस, तुला कसली मिठाची कमी?" नोरीन म्हणायची.

एका सोमवारी तिने सांगून टाकलं, "मी डार्सी रोवेटला बोलावलंय. शुक्रवारी नऊला येतोय."

क्लेमच्या हातातला कप तिथेच थांबला. डार्सीचाही धंदा ओल घालवायचाच, पण तो भिंतीला भोकं पाडून औषध टोचायचा, आणि त्याच्या गाडीवरचं नाव अर्ध्या गावाला दिसायचं.

"नोरीन, ती गाडी आपल्या दारात दिसली तर मी गावात तोंड कसं दाखवू? चव्वेचाळीस वर्षं काढलीत मी या धंद्यात!"

"त्यातली तीस माझी भिंत ओली होती."

"मी करतो. शुक्रवारच्या आत करतो!"

नियमाने काम दोन आठवड्यांचं होतं. मंगळवार, बुधवार त्याने नुसतं सामान जमवण्यात घालवले. गुरुवारी पियानो सरकवून एक मीटर काढला. शुक्रवारी सकाळी सातला, तो भरायच्या आतच, शेजारचाही काढला.

भिंत कण्हली. एक चीर सरसर छतापर्यंत गेली. क्लेमने पोकळीत जॅक घुसवला आणि तो दोन्ही हातांनी धरून ओरडला, "नोरीन! गाडीतला दुसरा जॅक आण!"

नोरीन दारात आली. "किती मीटर काढलेस?"

"आधी जॅक आण!"

"किती?"

"दोन."

"शेजारशेजारचे?"

क्लेमने जॅकला खांदा लावला. तिने जॅक आणला, दोघांनी मिळून तो बसवला आणि भिंत एकदाची स्थिरावली. मग नोरीनने वाकून पोकळीत पाहिलं. दगडावरून पाण्याची बारीक धार येत होती. तिने त्या धारेला जीभ लावली.

"क्लेम, हे अळणी आहे."

"काय?"

"अळणी! वर्षभर तुझ्यापायी अळणी खातेय, मला कळत नाही होय? यात मिठाचा कण नाही. नळाचं पाणी आहे हे."

भिंतीमागे न्हाणीघर होतं. तिथला पाइप क्लेमनेच जोडला होता, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तो गुडघ्यांवर बसला, टोपी काढली आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या भिंतीला जीभ लावली. बराच वेळ त्याने डोळे उघडले नाहीत.

"पाना दे," तो हळूच म्हणाला.

पाइपचा सांधा आवळायला अर्धा फेरा पुरला. धार थांबली.

नऊ वाजता डार्सीची गाडी दारात उभी राहिली. क्लेम पियानोमागे धुळीत तसाच बसून राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोरीन बाहेर गेली आणि दार अडवून उभी राहिली.

"पियानो द्यायचाय, तुला हवा का?" तिचा आवाज आत आला. "भिंतीचं म्हणशील तर तुझं काम नाही. ती क्लेमने बघितली."

त्या दुपारी क्लेमने अळणी पास्टी चकार शब्द न काढता शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.