बंद पडायच्या आधी काय केलं?

मशीन बंद पडलं की गायधनी मामा मशीनकडे बघतच नसत. हातातली पिशवी खाली ठेवायची, ऑपरेटरला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, "बंद पडायच्या आधी काय केलं?" त्यात दरडावणं नसे. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला काल काय खाल्लं असं विचारावं, तसा तो प्रश्न असे. डिप्लोमा संपवून मी नाशिकहून कंपनीच्या बसने सिन्नरच्या कारखान्यात दुरुस्तीच्या कामावर जायला लागलो, तेव्हा मला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. माझ्याकडे मीटर होता, जाडजूड मॅन्युअल होतं आणि अक्कल तर उतू चालली होती.

मामा आमचे इलेक्ट्रिशियन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पत्र्याला आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसला कंट्रोलर बसला. म्हणजे कपाटातून मशीन चालवणारा एक डबा, ऑपरेटरसमोर आकडे दाखवणारं पॅनल, आणि दोघांमध्ये एक केबल. बाकीचे बिचकले, पण मामा म्हणाले, "सासू-सून हायेत दोघी. बोलणं बंद झालं का लगेच मधी पडायचं नाय. आधी शेजाऱ्याला इचारायचं."

त्या हिवाळ्यात दोघींचं बोलणं तुटायला लागलं. पॅनलवर 'कम्युनिकेशन एरर' यायची आणि प्रेस अर्ध्यात थांबायची. मी कपाटाच्या अंधारात चाचपून कंट्रोलरचा प्लग काढून परत लावला की सुरू व्हायची, दोन दिवसांनी पुन्हा तेच. केबल बदलली, दोन्हीकडची सेटिंगं जुळवून पाहिली, मॅन्युअलची पानं सुटी झाली. एवढंच लक्षात आलं की हे नेहमी सकाळच्या पहिल्या पाळीत होतं, आणि पहिल्या पाळीला प्रेसवर दत्तू असायचा.

दत्तू सायखेड्याचा. पहाटे दुधाच्या गाडीतून यायचा. दुसऱ्या पाळीनंतर घरी जायला काही मिळत नसे, म्हणून तो कायम पहिल्या पाळीत. तीन वर्षं टेंपररी होता आणि त्या मार्चला पर्मनंट व्हायचा होता. मॅनेजर साहेबांच्या डोक्यात बसलं की आराम मिळावा म्हणून हाच प्लग हलवतो. त्यांनी मामांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. प्लग हलवला तर अशी एरर येते का, असं मामांना विचारलं.

मामा म्हणाले, "व्हय, येती."

साहेबांसमोर विचारलं तेवढंच सांगायचं, ही मामांची सवय. उत्तर खरंही होतं. मी शेजारी उभा होतो आणि मीही तोंड उघडलं नाही. दत्तू काचेच्या अर्धवट उघड्या दाराबाहेर होता, त्याला कोणी आत बोलावलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला.

त्यानंतर तीन आठवडे एरर आली नाही. साहेब खूश. मामांचं मात्र जेवणावरून लक्ष उडालं. डबा उघडायचे आणि तसाच मिटायचे. एकदा मला म्हणाले, "सगळ्यांना इचारतो आपण. दत्तूलाच इचारलं नाय."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. वीज बंद करून कंट्रोलरचा प्लग काढला आणि सॉकेटवर बॅटरी मारली. कोपऱ्यातल्या दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. खाली एक सुकलेला ओघळ होता. त्यात कुंकू होतं आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटलेला होता.

मामा खाली फरशीवर बसले. स्वतःलाच विचारल्यासारखं बोलले, "बंद पडायच्या आधी काय केलं? खंडेनवमीला नारळ फोडला. म्या."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि नारळ दर वर्षी मामांच्याच हातचा. कपाटाचं दार उघडं ठेवून त्यांनी तो उंबऱ्यावरच फोडला होता. पाणी आत उडालं आणि पिना हळूहळू सडत गेल्या. सकाळी हवेत गारठा आणि ओल असली की संपर्क तुटायचा, ऊन तापायला लागल्यावर ते थांबलं, दत्तू गेल्याने नाही. पण सॉकेटात पाणी जायला प्लग बाहेर असावा लागतो. तो मी काढला होता, पूजेआधी आतून नीट पुसता यावं म्हणून. मामांना ते माहीत होतं.

मी म्हणालो, साफ करून बंद करू, कोणाला कळणार आहे? मामांनी स्पिरिटने पिना साफ केल्या आणि सोमवारी न बोलावता केबिनमध्ये गेले. साहेब हसले म्हणे. नारळाचं बाहेर कुठे बोलू नका आणि दत्तूच्या जागी माणूस घेतलाय, एवढं सांगून त्यांनी मामांना वाटेला लावलं.

मग आम्ही माझ्या स्कूटरवर सायखेड्याला गेलो. दत्तू कांद्याला पाणी देत होता. मामांनी बांधावर उभं राहून टोपी काढली. "दत्तू, नारळ म्या फोडला व्हता. त्याचं पाणी सॉकेटात गेलं. तुझी काय चूक नाय."

दत्तूने फावडं टेकवलं. "मंग साहेबानं इचारलं तवा व्हय का म्हणले, मामा?"

"त्यानं तेवढंच इचारलं. म्या तेवढंच सांगाया नको व्हतं."

दत्तूने फावड्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. तीन वर्षं तो त्या मशीनवर होता, त्याला काय विचारायचं ते बरोबर कळलं. "पन सॉकेट उघडं कसं? प्लग कोनी काढला व्हता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तोबी म्याच," ते म्हणाले.

मामांना खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं. मी स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत उभा राहिलो. परतीच्या रस्त्यावर मागे बसून ते कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते आणि मला त्यांची भयंकर लाज वाटत होती, म्हणजे त्यांच्यासमोर माझी.

सहा-सात वर्षांनी मामा गेले. दशक्रियेला नदीवर दत्तू आला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. तो आपणहून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. प्लगचं आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी घरून निघालो होतो.

"ती प्रेस चालू हाय का अजून?" त्याने विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो. विचारलं तेवढंच सांगितलं.