सातवीच्या धड्यातली वेठ

"मॅडम, तुम्ही कणकेला हात नका लावू. मागं भांडी पडलीत, तिकडं बसा."

आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी बोलल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या नातवाचं जावळ होतं. अशा कार्याला शाळेला सुट्टी आणि शिक्षकांना हजेरी, ही आमच्याकडची रीत. सर लोक पंगतीत वरण-बट्टी वाढत होते. बाकीच्या मॅडम कणीक मळत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मी सातपुड्याच्या पायथ्याची, भिल्लाची पोर. माझा हात कणकेला का चालत नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी मागं गेले. पदर खोचला. घासायला बसले.

हो, बसले. धुळ्यात बी.एड. केलं, पात्रता परीक्षा पास झाले, मुलाखतीत पहिली आले, आणि तरी बसले. माझी मान्यता अडकली होती. मान्यता म्हणजे नोकरी पक्की झाल्याचा सरकारी शिक्का. प्रस्ताव अध्यक्षांनी पाठवायचा. ते दरवर्षी म्हणायचे, "बघू की, घाई काय?" अडला हरी गाढवाचे पाय धरी. तोवर माझे इतिहासाचे तास गणिताला जायचे. "इतिहास काय, गोष्टीच तर सांगायच्या," असं मुख्याध्यापक म्हणायचे. मी मान हलवायचे. मान हलवून हलवून थकून गेले होते.

भांड्यांजवळ एक बाई आधीच बसलेली. माझ्या सातवीतल्या एका मुलीची आई, रोजानं आलेली. मला पाहून तिनं हातातली परात खाली ठेवली.

"बाई, तुम्हीबी आठेच?"

आठेच म्हणजे इथंच, भांड्यांपाशी. मी पुढचं पातेलं ओढलं. दोघी घासत राहिलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मले तं दिवसाचा रोज भेटी. तुमले काय भेटी?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

वेठ हा शब्द मी सातवीला शिकवते. मोबदला न देता जबरदस्तीनं करून घेतलेलं काम, असा अर्थ फळ्यावर लिहिते. पूर्वी असायची, आता कायद्यानं बंद आहे, असं सांगते आणि पुढच्या धड्याकडे वळते. राखेनं माखलेले हात तसेच धरून मी बसले. माझी मलाच लाज वाटली. मग राग आला. लाजेपेक्षा राग बरा, राग आला की माणूस उठतं तरी.

उठले. हात धुतले. अध्यक्ष मांडवात पाहुण्यांशी बोलत होते. त्यांना म्हटलं, "आबा, मी जाते. यापुढं मला शाळेचं काम सांगा. घरचं सांगू नका."

आबा हसले. "मॅडम, मान्यता पाहिजे ना?"

"पाहिजे. पण अशी नको."

बस येईपर्यंत हायवेवर उभी होते. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

आता माझे सगळे तास काढून घेतलेत. पोषण आहाराची खिचडी शिजते तिथं मला बसवतात. शिक्षकांच्या खोलीत गेले की बोलणं थांबतं. मुख्याध्यापक समजुतीनं सांगतात, राजीनामा द्या, दुसरीकडं बघा. दमलेय मी, खोटं कशाला बोलू. पण राजीनामा दिला नाही. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अक्का काय बोलल्या आणि का बोलल्या, जातीसकट सांगितलं. तेव्हापासून मागे घ्या म्हणायला कुणी ना कुणी घरी येतं. मी चहा ठेवते. काही जण पितात, काही पीत नाहीत. तक्रार मी मागे घेणार नाही.