साडभाऊंचा पितळी गिलास

शेलूबाजारच्या आमच्या साडभाऊंच्या घरून आजवर एकही माणूस रिकाम्या पोटी गेलेला नाही, आणि पहिली सव्वीस वर्षं मी एकदाही शांत पोटाने गेलो नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोठ्यात तीन म्हशी, अंगणात एक बाज, आणि बाजेवर टेकलेला माणूस व्याही असो की वाट विचारायला थांबलेला जीपवाला, त्याच्या हातात दुधाने भरलेला पितळी गिलास यायचाच. दुधावर जाड साय, आत साखर आणि चिमूटभर हळद. हळद चवीसाठी नव्हे. निव्वळ पांढरं दूध परक्याच्या हाती दिलं तर म्हशीला नजर लागते, असं त्यांचं ठाम मत. मग ते समोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि गिलास उलटा करून दाखवेपर्यंत हलायचे नाहीत.

मी मोजमापाचा माणूस. सिलिंडर किती दिवस पुरलं हेसुद्धा मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. त्यामुळे एकदा साडभाऊ बाहेर गेलेले पाहून मी तो गिलास खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजला. दहा मिलिलिटरची पस्तीस झाकणं पाणी मावलं. माझ्या पोटाचाही हिशेब पक्का आहे. चहातलं दूध चालतं, दही चालतं, पण निव्वळ दूध पोटात गेलं की बरोबर चाळीस मिनिटांनी आत गडगड सुरू होते. थंडीत पंचेचाळीस. एवढ्या वेळात मी सहज वाटेला लागलो असतो. पण दूध पिऊन लगेच घराबाहेर पडणं अशुभ, निदान तासभर बसायचं, हा त्या घरचा दुसरा कायदा. चाळीस आणि साठ यांच्यामधली वीस मिनिटं मी सव्वीस वर्षं कशी काढली, ते त्यांच्या गोठ्यालाच ठाऊक, कारण संडास गोठ्याच्या मागे होता. साडभाऊ मात्र गावभर कौतुकाने सांगत, "आमचे वाशिमचे पाव्हणे शहरातले, पण म्हशीचा लय लळा त्यायले. आले का चारदा गोठ्याकडं जातात."

मी खरं का बोललो नाही? कारण माझं लग्नच त्या गिलासावर उभं होतं. मुलगी पाहायचा कार्यक्रम साडभाऊंच्याच अंगणात झाला. माझ्या आधी आलेल्या मुलाने अर्धा गिलास तसाच ठेवला आणि तिथेच त्याचा निकाल लागला. "ज्याच्यानं गिलासभर दूध निभत नाई, त्याच्यानं संसार काय निभन," असं साडभाऊ म्हणाले होते. ही गोष्ट मला कोणीतरी आधीच कानात सांगितली होती. मी भीतीपोटी पस्तीसही झाकणं एका दमात संपवली. साडभाऊंनी सासऱ्यांना तिथल्या तिथे सांगितलं, "पोरगा भरोशाचा हाय." ज्या भरोशावर बायको मिळाली, तो खोटा होता हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मागच्या वर्षी ते मुलाकडे हॉलंडला दोन महिने राहून आले. आम्ही दोघं भेटायला गेलो. बायको बहिणीला मदत करायला आत गेली. मी बाजेवर बसून मनात चाळीस मिनिटं लावली, पण गिलास आला नाही. साडभाऊ समोरच्या खुर्चीत बसले.

"तिथं सहा-सहा फुटी माणसं दुपारी पावासंगं दूध पेतात, भाऊ. थंडगार. ना तापवेल, ना साखर, ना हळद. अन् पेऊन लगेच सायकलवर. कोणाले काई होत नाई."

"मग चांगलंच की."

"खालच्या घरात एक म्हातारबुवा राहाय, व्हिएतनामचा. एकटाच. मी त्याले रोज गिलासभर नेऊन देल्लं. दोन्ही हातानं घे, मान झुकवे, सारं पेऊन टाके. सहाव्या दिवशी बुवा दारातच आला नाई. पोरगं म्हणे, बाबा, त्यायच्याकडं लय जणायले मोठेपणी दूध पचतच नाई. पाच दिवस माणूस पोट धरून बसला अन् मले एका शब्दानं बोलला नाई." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तवापासून एक गोष्ट डोक्यात फिरून राह्यली. भाऊ, तुमी गोठ्याकडं चारदा काहून जाता?"

मी म्हशींकडे पाहिलं. त्यांनी काही मदत केली नाही.

"सव्वीस वर्षं?" ते म्हणाले.

"सव्वीस वर्षं, चार महिने."

"मंग त्या दिवशी एका दमात काहून पेलं?"

"तुम्ही समोर उभे होता."

"मी सासऱ्याले शब्द देल्ला होता, तुमच्या भरोशावर."

तेवढ्यात आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "मले तं लग्नाच्या पहिल्याच हप्त्यात समजलं होतं, भाऊजी. तुमाले वाईट वाटन म्हून आमी दोघंही गप."

साडभाऊ उठून आत गेले आणि त्याच गिलासात मठ्ठा घेऊन आले.

तेव्हापासून मला मठ्ठाच मिळतो. पोट शांत असतं. पण मठ्ठ्यासाठी समोर कोणी उभं राहत नाही, आणि मठ्ठा पिऊन तासभर बसायचा कायदाही नाही. मागच्या खेपेला मी घड्याळ पाहिलं, तर अठरा मिनिटांत निरोप घेऊन फाटकाशी आलो होतो. साडभाऊ अंगणात नुसते उभे होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

मी परत येऊन बाजेवर बसलो. म्हणालो, "अर्धा गिलास दूध द्या. आज घाई नाही."

"पोटाचं काय?"

"त्याचा हिशेब माझ्याकडे आहे."

त्यांनी अर्धाच भरला, हळद टाकली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले. मी गिलास उलटा करून दाखवला. त्या दिवशी मी एक तास दहा मिनिटं बसलो. दोनदा गोठ्याकडे गेलो. त्यातली एक खेप खरोखर म्हशी पाहायला होती.