थांबा म्हणणारा नायक

बैल दवाखान्यात आला की डॉक्टर आधी त्याच्या शिंगावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, घरात कुणी आहे का ते पाहतात तशी. मग शिंगाच्या बुडाशी तळवा ठेवून डोळे मिटायचे. गाठ लागली की मालकाचा प्रश्न ठरलेला असायचा, "ही वाढली काहून, साहेब?" डॉक्टरांचं उत्तरही ठरलेलं.

"वाढली काहून, ते नका इचारू. थांबली काहून न्हाई, ते इचारा."

पुसेगावच्या अलीकडे आमचा गुरांचा दवाखाना. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. शिंगाचा कॅन्सर तुम्ही खेड्यातले असाल तर पाहिला असेल. शिंग एका बाजूला कलतं, बैल सारखी मान झटकतो, एका नाकपुडीतून रक्त येतं. लवकर कळलं तर शिंग कापून बैल वाचतो. उशीर झाला तर काही खरं नसतं.

डॉक्टर तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. त्यामुळे कॅन्सर समजावतानाही त्यांना तांडाच आठवायचा.

"अंगातली हरेक पेशी म्हंजे एक तांडा समजा. कोणकोणती कामं करायची, ते तिच्यात आधीच लिहून ठेवलंय. पण कवा कोणतं काम काढायचं, ते तांड्याचा म्होरक्या, म्हंजे नायक, सांगतो. नायक ओझं उचलत न्हाई, बैल हाकत न्हाई. निस्ता हुकूम देतो. एक नायक म्हणतो, चला, वाढा. दुसरा म्हणतो, थांबा, काई तरी मोडलंय, आधी दुरुस्त करा. दुरुस्त व्हत नसंल तर हितंच मरा, पण पुढं जाऊ नका. आता हा दुसराच बिघडला, तर?"

"तर तांडा चालतच राहील," कुणीतरी म्हणायचं.

"बराबर. तीच गाठ."

या नायकांना पुस्तकात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात, हेही ते आवर्जून सांगत. लोक आदराने मान हलवायचे आणि नायकच लक्षात ठेवायचे. एकदा एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमच्या भावकीवानी. भांडा म्हणणारे समदे हायेत, थांबा म्हणणारा मरून गेला." डॉक्टर इतके हसले की हातातली सुई खाली पडली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद आणि लोण्याने मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. डॉक्टरांनी या रिवाजात आपलं काम घुसवलं. पोळा जवळ आला की गावोगाव फिरून सांगायचे, "हात खांद्यावर थांबवू नका. मानेवरून पार शिंगाच्या बुडापर्यंत न्या. नवं काई लागलं तर सण झाल्यावर बैल घेऊन या." लोक ऐकायचे. पोळा सरला की दवाखान्यासमोर बैलांची रांग लागायची, आणि त्यातले कितीतरी बैल केवळ त्या मळणीमुळे वाचले.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून डॉक्टर उजवा हात वर नेताना दात आवळायचे. विचारलं तर म्हणायचे, "म्हशीनं लाथ घातली." गुरांच्या डॉक्टरला लाथ बसते, त्यात नवल ते काय? मलाही बसल्या आहेत.

खांदमळणीला त्यांनी मला तांड्यावर नेलं. आईला ते याडी म्हणत. एरवी मायलेक आपल्या बोलीत बोलायचे, पण मी असलो की म्हातारी माझ्यासाठी मराठी काढायची. बैलांचे खांदे मळून झाले. वाटीत हळद उरली की ती लेकाच्या खांद्यालाही चोळायची, ही तिची दरवर्षीची गंमत. "ह्यो माझा तिसरा बैल," ती मला म्हणाली.

"याडी, आज राहू दे," डॉक्टर म्हणाले आणि उठायला लागले.

म्हातारी कसली ऐकते! तिने खांदा धरून खाली बसवलं आणि कॉलरमधून हात आत घातला. तो हात तिथेच थांबला.

"हे काय रे?"

"म्हशीची लाथ."

"कवाची?"

"उन्हाळ्यातली."

तिने पुन्हा चाचपलं. दरवर्षी तांड्यावरच्या लोकांसोबत बसून तिनेही लेकाचं बोलणं ऐकलं होतं. ती म्हणाली, "लाथंची सूज उतरती. ही थांबली काहून न्हाई?"

मी पुढे होऊन त्यांचा शर्ट बाजूला केला. खांद्यामागे लिंबाहून मोठी गाठ होती. मी साहेब-बिहेब विसरून ओरडलो, "तुम्हाला माहीत होतं?"

ते मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "हात लावला असता तर कळलं असतं. म्हणून लावला न्हाई."

आसपासच्या सगळ्या गावांतल्या बैलांना चाचपणारा हा माणूस स्वतःच्या खांद्यापर्यंत हात नेत नव्हता. मला त्यांचा संताप आला. म्हातारी मात्र एकच विचारत होती, "काहून लपवून राहिला रे? माझ्यापासून काहून?"

नांदेडला नेलं. गाठ तोवर फुप्फुसापर्यंत पोचली होती. परतताना गाडीत डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमचा थांबा म्हणणारा गेला बघा." आणि हसले. मला हसू आलं नाही. होळीच्या आधी ते गेले. दवाखान्यात त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले, चांगले आहेत. शिंगावर कुणी टकटक केली की मी अजून दचकतो.

पुढच्या खांदमळणीला म्हातारीने मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तिने एकटीने दोन्ही बैलांचे खांदे मळले, आवतण दिलं. वाटीत हळद उरली. भिंतीजवळ डॉक्टर बसायचे ती जागा रिकामी होती. तिने तिकडे बोट केलं.

"बस तिथं."

माझे केस पांढरे व्हायला लागलेत, तरी मी मुकाट्याने बसलो. तिने खांदे चाचपले, मान, काखा, पुन्हा खांदे. खरं सांगतो, माझी भीतीने गाळण उडाली होती.

"काई न्हाई," ती म्हणाली. आणि हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवून रडायला लागली.