आभाळ बदलणाऱ्या ताई

"आधी चपला बघ," असं म्हणत ताई फोटोतल्या माणसाच्या पायांवर झूम करायच्या. फोटोत पाऊस पाडायचा असला की त्यांची सुरुवात आभाळापासून नाही, पायांपासून व्हायची. "वरून धो धो आणि चपला कोरड्या? लोक हसतील रे."

नौपाड्यातल्या फोटो स्टुडिओत आम्ही शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचो. धुकं, पाऊस, बर्फ, गिऱ्हाईक मागेल ते हवामान ताई फोटोत घालून देत. मी त्यांना वेधशाळा म्हणायचो.

डोंबिवलीच्या एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोत बर्फ हवा होता. मुलगी शिफॉनच्या साडीत. ताईंनी साफ नकार दिला. "गारठून मरेल ती. आधी शाल घेऊन या." तुम्हाला खोटं वाटेल, पण दोघं खरंच शाल घेऊन पुन्हा फोटो काढायला आली.

ताई कोपरीच्या. वडील जन्मभर मिठागरात राबलेले. ते गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा त्यांचा एकुलता एक फोटो मोठा करायचं काम मी मागून घेतलं. मिठाच्या राशीशेजारी उभे, तोंडभर हसणारे. मागचं आभाळ पांढरंफटक. मला ते ओकंबोकं वाटलं. ताईंना चकित करावं म्हणून मी तिथे काळे ढग भरले आणि फ्रेम थेट वर्षश्राद्धाला घेऊन गेलो.

ताईंच्या म्हाताऱ्या काकांनी चष्मा लावून पाहिलं. "मीठ उघडा, आभाल काला, आन दादा हसतंय? हा आमचा दादा नाय."

एका सरीत रास वाहून जाते, हे नौपाड्यात वाढलेल्या मला कधी सुचलंच नव्हतं. फोटोसाठी मांडलेला चौरंग त्या दिवशी रिकामाच राहिला. ताईंनी मला आग्रहाने जेवायला वाढलं, त्याने मी जास्तच मेलो.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या शेजारी बसल्या. ढग एका क्लिकमध्ये गेले. "तुला चपला बघायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "तोंड बघायला शिकवायचं राहिलं."

आता ताईंचं कल्याणला स्वतःचं दुकान आहे. मला त्यांची फार आठवण येते. जाताना त्यांनी जमवलेली सगळी आभाळं माझ्या कॉम्प्युटरवर ठेवली. त्यातल्या एकाला 'बाबा' असं नाव आहे. उघडलं तर नुसतं पांढरं, कोरडं आभाळ. ते मी अजून कुणाच्या फोटोला लावलेलं नाही.