तीसचा काटा

आमच्या गाडीचा वेगाचा काटा चुकीचा आहे, हे सगळ्यांत आधी आईला कळलं आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

गाडी माझ्याहून वयाने मोठी. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी असायची. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी भंगारातून एका टेम्पोचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं आणि गाडीत बसवून घेतलं. त्या दिवसापासून गाडी पिठाच्या गिरणीसारखी धडधडायला लागली. "अहो, येताना दळणही आणत जा," आई म्हणायची. बाबांना मात्र त्या कामाचा कोण अभिमान! या माणसाला स्वतःचं कौतुक करायला दुसरं कुणी लागायचं नाही.

मग आईचं दुखणं निघालं, तेही मणक्यापर्यंत पोचलेलं. रेडिएशनसाठी परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडी तीसच्या वर न्यायची नाही, हिसके बसता कामा नयेत. मी मागच्या सीटवर बसायचे, आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी आणि बाबा डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघत हायवेने गाडी चालवायचे.

"अहो, जोरात आहे गाडी."

"तीसच आहे गं."

"नाही हो, जोरात आहे. सहन नाही होत."

"काटा समोर आहे माझ्या. मनाचे खेळ आहेत तुझे."

दोन-चार खेपांनंतर तिने बोलायचंच सोडलं. पदराचं टोक दातांत धरून पडून राहायची. ते ओलं टोक आठवलं की आजही मला बाबांचा राग येतो, आणि मग बाबांचीच दया येते.

एकदा घाटकोपरच्या पुढे तिने माझा हात असा काही आवळला की माझं डोकं फिरलं. हायवेवर किलोमीटरचे दगड होते. "काटा तीसवर धरा, हलवू नका," मी बाबांना सांगितलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. तीसच्या वेगाने एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दोन मिनिटं लागायला हवीत. दीडच मिनिट लागलं.

"बाबा, चाळीस आहे. तीस नाही."

"परत बघ."

परत दीडच. बाबांचा चेहरा मला आरशात दिसला. गिअरबॉक्स टेम्पोच्या चाकांच्या हिशोबाचा, त्यामुळे आमच्या गाडीत त्यातून निघून काटा हलवणारी केबल हवी त्यापेक्षा हळू फिरत होती. इंजिन बदललं तेव्हाच हे तपासायला हवं होतं. आकडेमोड त्यांची रोजची भाकरी होती, आणि इतके दिवस ते तिला चाळीसने हिसके देत, वर तिलाच खोटं पाडत आले होते.

"बावीसवर ठेवा की काटा, झालं," मी म्हटलं. पण एवढ्या खाली काटा नुसता थरथरायचा, आणि नव्या इंजिनाच्या आवाजावरून वेग कळत नव्हता.

"अंदाजाने नाही. तिच्या बाबतीत आता अंदाज नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी केबलच्या मध्ये बसवायची एक छोटी डबी कागदावर काढली. आत दोन दातेरी चक्रं, एक वीस दात्यांचं, एक पंधराचं, म्हणजे केबल हवी तेवढी जोरात फिरणार. घाटकोपरला एका लेथवाल्याकडून ती करून घेतली. रविवारी आईला उशा लावून पुढे बसवलं आणि आमच्याच गल्लीत गाडी हळूहळू फिरवली. काटा शून्यावरच! घाईत बाबा विसरले होते की दोन चक्रं एकमेकांना लावली की दुसरं उलटं फिरतं. आणि गंमत म्हणजे किलोमीटरचे आकडे मागे जायला लागले.

बाबांनी कपाळावर हात मारला आणि ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवू नका हो," आई म्हणाली. ती हसत होती. "जाऊ दे असंच मागे. दुखणं नव्हतं तिथवर न्या मला."

बाबांनी खरंच आणखी दोन चकरा मारल्या. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मध्ये तिसरं चक्र टाकल्यावर काटा सरळ झाला. दगडापासून दगडापर्यंत दोन मिनिटं. त्या खेपेला आईला गाडीत झोप लागली, कितीतरी दिवसांनी. अशा सुखाच्या खेपा फार झाल्या नाहीत.

ती हॉस्पिटलातच गेली. घरी आणायला शववाहिनी आली तेव्हा बाबा थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"तीसच्या वर नेऊ नका."

"काका, काटा कधीचा बंद पडलाय. आपण अंदाजावर चालवतो."

"मग माझ्या मागे या. ओव्हरटेक करू नका."

मामाने त्यांचा दंड धरला. "भावोजी, तुमची गाडी मी आणतो. तुम्ही तिच्याजवळ बसा. आता तिला कसला त्रास होणार आहे?"

"ती सांगत होती तेव्हा मीही हेच म्हणत होतो," बाबा म्हणाले, आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

तिच्याजवळ मी बसले. समोरच्या काचेतून बाबांची गाडी दिसत होती, धडधडत, कडेकडेने. मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात होते. आमचा ड्रायव्हर आधी कुरकुरला, मग त्यानेही तोच वेग धरला. सवयीने मी आईच्या डोक्याखाली हात घातला होता. विक्रोळीच्या आधी एक दगड गेला आणि मी घड्याळात बघितलं. पुढचा दगड यायला दोन मिनिटं लागली.

"तीसच आहे गं," मी आईला सांगितलं.