बाईंच्या चाली आणि आमचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायला आम्हाला सात महिने लागले. आमच्याकडे सून शोधायलाही कुणी इतके दिवस लावत नाही. हे सांगितलं की लोक हसतात, मीही त्यांच्याबरोबर हसते. पण पुढचं सांगायची वेळ आली की विषय बदलते. आज बदलत नाही.

आम्ही दोघी जावा, मी धाकटी. मोठ्या जाऊबाईंना मी पहिल्या दिवसापासून बाई म्हणते. दोघी भंडाऱ्याकडच्या, नवऱ्यांच्या नोकरीमागे पुण्यात आलेल्या. घरंही विश्रांतवाडीतच झाली, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी सातवी शिकलेली, पण मला गाणी सुचायची. कधी भाजी निवडताना, कधी गिरणीत दळणाच्या रांगेत. सुचलं की वहीत लिहायची आणि वही घेऊन तशीच बाईंकडे जायची. बाई पदराला हात पुसून ओठ हलवत एकदा वाचायच्या आणि म्हणायच्या, "ठेव इथं. तांदूळ निवडून घेते." सुपातले तांदूळ निवडून होईपर्यंत चाल तयार! पेटी नाही, काही नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला, लग्नाला, नामकरणाला, कुणी गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला आमची गाणी असायची. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन झालं की शेवटी दोन गाणी बाईंची, हे ठरलेलंच होतं.

आता आमच्याकडे गाण्याच्या वहीची एक रीत आहे, ती सांगायला हवी. गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असं लिहितात आणि पुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याची ओळ. म्हणजे वही कुणाच्याही हातात पडो, त्याला गाणं म्हणता येतं. बाईंना ही रीत पसंत नव्हती. "बोलणं आपलं अन् गळा दुसऱ्याचा, हे काहून?" असं म्हणायच्या. म्हणून मी प्रत्येक गाण्यावर लाल पेनाने लिहायची, 'चाल : स्वतःची'. तीन वह्या भरल्या, दोनशेच्या वर गाणी, आणि प्रत्येकावर हेच. मला त्याचा कोण अभिमान होता! चाल बाईंच्या गळ्यात आहे, शब्द वहीत आहेत, आणखी काय पाहिजे?

एका वर्षावासात बाईंचा आवाज बसला. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. बसलेला आवाज उठतोच, ही आमची समजूत. पण तो उठेना. ध्रुपदातला वरचा सूर लागायचा नाही, मग त्या मला खूण करायच्या आणि ती ओळ मी सांभाळून घ्यायची.

आमची मुलगी तेव्हा नुकतीच हिंजवडीला नोकरीला लागली होती. तीच म्हणाली, "आई, मोठ्या आईची गाणी रेकॉर्ड करून ठेव ना. आता घरच्या घरी होतं सगळं, कॉम्प्युटरवर. तुझे शब्द टाईप होतील, तिचा आवाज येईल, सीडी पण निघेल."

सीडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तिचं कव्हरच आलं. गीत माझं नाव, चाल आणि आवाज बाईंचं नाव. तोपर्यंत जयंतीच्या स्टेजवर कोणकोण आमची गाणी सिनेमाच्या चालीवर म्हणून जायचे, आणि नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, घ्यायचाच. आणि नीटच घ्यायचा.

तिथून सुरू झालं. मुलीने कागदभर यादी केली. रॅम किती, साउंड कार्ड कुठलं, मॉनिटर केवढा, सीडी रायटर, माइक, यूपीएस. यादी संपते न संपते तोच म्हणाली, "पण थांबा, पुढच्या महिन्यात नवीन प्रोसेसर येतोय. आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा." आणि आमचे हे! ह्यांचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीच्या भांडार विभागात गेलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय ह्यांनी टाचणीसुद्धा घेतली नाही. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं, ते मिळालं. खाकी फाईल आली, तिला दोरी आली, तुलनात्मक तक्ता आखला गेला.

"अहो, घरचा कॉम्प्युटर आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. सरकारचा असता तर एखादवेळ चूक चालली असती."

तीन दुकानांची तीन कोटेशनं जमेपर्यंत पहिल्या दुकानातलं साउंड कार्ड यायचं बंद व्हायचं. मग हे तो तक्ता रद्द करायचे, कारण तुलना सारख्या मालाची व्हायला हवी. पुन्हा तीन पत्रं. असं तीनदा झालं. मुलगी वैतागायची, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नवंच काहीतरी ऐकून यायची. मी ह्यांना हसायची, पण माइकचा विषय निघाला की मीच म्हणायची, "साधा नको हं, स्टुडिओत असतो तसला बघा."

त्या माइकसाठी आम्ही दोघं कसबा पेठेत एका दुकानात गेलो होतो. बोळात दुकान, आत एक म्हातारे गृहस्थ लाउडस्पीकर उघडून बसलेले. ह्यांनी फाईल पुढे केली. "आपण एवढं स्पेसिफिकेशन बघून लेटरहेडवर कोटेशन द्या."

त्यांनी चष्म्यावरून आधी फाईलकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "गाणं म्हणायचंय की धरण बांधायचंय?"

मला हसू आलं, ह्यांना नाही. "आमच्या वहिनी गातात," हे म्हणाले.

"कुठे आहेत?"

"घरी."

"मग माइक त्यांच्या तोंडासमोर धरायचा की या फाईलच्या? उद्या घेऊन या त्यांना. आवाज ऐकतो, मग काय लागेल ते सांगतो."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "उद्धट आहे. लेटरहेडसुद्धा नाही." आणि ते दुकान यादीतून गेलं. मीही मान डोलावली. बाईंना घेऊन दोन बस बदलून कोण येणार, असा विचार मी केला. तो माणूस आवाज ऐकतो म्हणाला होता. त्या सात महिन्यांत बाईंचा आवाज ऐकतो म्हणणारा तो एकटाच.

बाई अधूनमधून यायच्या. एकदा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "काय करून राहिले तुम्ही लोक? आला का तुमचा कॉम्प्युटर?"

"दोन कोटेशनं आलीत बाई. एक यायचंय."

"माळ्यावर तुझा टेप असंल ना? त्याच्यावर घेऊन टाक. मी म्हणते आज."

"टेपवर खरखर येते हो बाई."

"खरखर तं आता माझ्या गळ्यातच आहे व," म्हणाल्या आणि खोकत खोकत हसल्या.

मी काय म्हणावं? "करायचंच तर नीट करू ना. सीडीवर तुमचं नाव येईल." असं म्हणाले मी. हे ह्यांचं वाक्य नाही, मुलीचं नाही, माझं आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. टेप माळ्यावर होता. चालत होता. दोन कोऱ्या कॅसेटी कपाटात होत्या.

कॉम्प्युटर आला तो जयंतीच्या तोंडावर. काय कौतुक केलं आम्ही त्याचं! पहिल्या रविवारी मुलीने सगळं जोडलं तर स्पीकरमधून नुसता गूं असा आवाज. ती म्हणाली, "अर्थिंग नीट नाही. पुढच्या रविवारी बघू." आणखी एक रविवार, सात महिन्यांनंतर तो कोणाला जास्त वाटणार?

त्या आठवड्यात बाईंच्या थुंकीतून रक्त पडलं. दवाखान्यात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्र काढावं लागेल, आणि उशीर करू नका, असं डॉक्टर म्हणाले. बाईंना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मुलीने रजा टाकली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या, वैशाखी पौर्णिमेला नेसतात तशी. माइकसमोर बसल्या आणि गायला लागल्या. ओठ हलत होते, मान डोलत होती, उजवा हात मांडीवर ताल देत होता. आवाज नव्हता. नुसती हवा. मशीनच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती. मांडीवर थाप पडली की रेघ उंच उडायची आणि दोन थापांच्या मधे, जिथे गाणं होतं तिथे, जेमतेम थरथरायची. माइक चांगला होता हो. त्याने बांगड्या टिपल्या, भिंतीवरचं घड्याळ टिपलं, माझा हुंदकासुद्धा टिपला. बाई सतरा गाणी म्हणाल्या तशी. मुलीने मधेच पडद्याकडे बघणं सोडलं, पण बंद कर असं कोणी म्हणू शकलं नाही.

बाई जगल्या. गळ्यापुढे जाळीचं फडकं आणि हातात पाटी. मी साठी ओलांडलेली, पण टाईप करायला शिकले, तिन्ही वह्यांतले शब्द कॉम्प्युटरमधे गेले. शब्द माझे होते, ते कुठे पळणार होते? पण चाल म्हणून वर काय टाईप करू? दोनशे वेळा 'स्वतःची' टाईप केलं आणि मग वेड लागायची पाळी आली. विहारात ती गाणी बाईच म्हणायच्या, बाकीच्या आम्ही ध्रुपदाला साथ द्यायचो. ध्रुपदं बरीचशी आठवत होती. अंतरे कुणालाच येत नव्हते.

मग आम्ही एक पद्धत काढली. दुपारी बाई यायच्या. मी अंदाजाने एक ओळ म्हणायची आणि बाई हाताने दाखवायच्या, इथे वर, इथे खाली, इथे थांब. मी पुन्हा म्हणायची. बाई मान हलवायच्या. पाटीवर लिहायच्या, 'तसं नाही.' मी पुन्हा. 'तसं नाही.' एकेका ओळीला दुपार जायची. एकदा चिडून त्यांनी पाटी पलंगावर आपटली आणि तोंड उघडलं, स्वतःच म्हणून दाखवायला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

पुढे पुढे काम भराभर व्हायला लागलं. बाई दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच 'बरोबर' लिहायला लागल्या. मला वाटलं, मला जमायला लागलं. एका महिन्यात चाळीस गाणी माझ्या आवाजात कॉम्प्युटरवर गेली. मुलगी खूश, हे खूश. ह्यांनी सीडीच्या छपाईसाठी नवीन फाईल उघडली.

मग एका दुपारी नामकरणाचं गाणं निघालं. 'नाव लिहा गं बाळाचं आधी शाळेच्या पाटीवर.' हे मात्र आम्ही दोघींनी शंभर पाळण्यांशी एकत्र म्हटलेलं. त्याची चाल मला झोपेतून उठवून विचारा. तरी मी ते चुकीचं म्हटलं. मुद्दाम. का, ते नका विचारू, मनात काहीतरी आलं होतं. पहिलीच ओळ जिथे खाली उतरते तिथे मी वर नेली. बाई मांडीवर ताल देत होत्या. मी वर गेले तसा त्यांचा हात हवेत थांबला. मग पुन्हा पडायला लागला. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पाटी उचलून लिहिलं, 'बरोबर.'

मी उठून चहा ठेवला, दोघी प्यायलो.

त्या चाळिसांतली बाईंची किती आणि माझी किती, ते आता मला कळायचा मार्ग नाही, आणि त्यांना विचारायचं तोंड मला नाही. सीडी निघाली. कव्हरवर चाल म्हणून बाईंचं नाव आहे, अक्षर मोठं आहे. विहारातल्या नव्या मुलींनी ती ऐकून ऐकून सगळी गाणी पाठ केली आणि पुढच्या वर्षावासात रोज संध्याकाळी तीच म्हटली. बाई पुढच्या चटईवर बसून टाळ्यांनी ठेका धरायच्या. एके दिवशी धानोरीकडून नवीन आलेली एक सून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मोठ्या आई, किती गोड चाली लावल्यात हो तुम्ही!"

बाईंनी तिला हात जोडले. मी शेजारीच होते. मी वहीत तोंड घालून पुढचं गाणं शोधत बसले.